एका स्वेटरसाठी आख्खं खोकं

घरातलं जास्तीचं सामान ठेवायच्या भाड्याच्या गोदामाच्या काउंटरवर रांग होती. माझ्यापुढे एक नवरा-बायको उभी होती.

"मी तुला एक स्वेटर आणायला सांगितला होता."

"आणला की."

"आख्खं खोकं आणलंस! स्वेटर, तंबू, तुझ्या भावाचे स्केट्स. आणि घरात जागा नाही म्हणून माझं शिलाई मशीन इथे आणून टाकलंस."

"आठवडाभर कुणी हात लावला नव्हता त्याला."

"सुई तुटली होती म्हणून! उद्या गिऱ्हाइकाला ड्रेस द्यायचाय मला."

"अगं, ऑफिसात आम्ही कर्नलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य प्रोग्राममध्ये, हेच करतो. कॉम्प्युटरची मेमरी भरली की न लागणारी पानं, म्हणजे मेमरीचे तुकडे, डिस्कवर टाकायची. पूर्वी लागेल तसं एकेक पान परत आणायचो. आता शेजारची धरून सोळा एकदम आणतो. फेऱ्या वाचतात."

"आणि त्या सोळांना जागा कुठून?"

"दुसरी सोळा बाहेर जातात."

"त्यातलं एखादं लगेच लागलं तर?"

"तर परत आणायचं."

"तेवढं एकच?"

"छे, सोळाच्या सोळा."

"म्हणजे आज मशीनचं आख्खं खोकं घरी येणार. मग इकडे काय येणार?"

"स्वेटरचं खोकं."

"अरे, स्वेटर माझ्या अंगावर आहे!"

नवऱ्याने खिशातून गोदामाची पावती काढून उलटीसुलटी करून बघितली.

"ऑफिसात तुला कुणी काही बोलत नाही?"

"उलट बक्षीस मिळालं. किती फेऱ्या वाचल्या, ते मी मोजून दाखवलं."

"आणि वाढल्या त्या?"

"त्या मोजायचं काम दुसऱ्या टीमकडे आहे."