तेरणेची चिलापी आणि माझ्या हातच्या चिठ्ठ्या

काचेच्या बरण्या एकमेकींना लागल्या की नाजूक, भेदरलेला आवाज होतो. तो मला अजून ऐकू येतो. परंड्याहून कळंबला येणारी एसटी, मुकुंदरावांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत बरण्या, बरण्यांत मासे. प्रत्येक खड्ड्याला ते ड्रायव्हरला ओरडून सांगायचे, "सावकाश हो! आत पाहुणे हायत."

मंडळी, शांताताई, उभा जन्म वर्गात बोलण्यात गेला. आज मात्र शब्द गोळा करावे लागतायत. मुकुंदरावांच्या शोकसभेला दहा-बारा खुर्च्या भरल्यात. असू द्या. मुकुंदरावांना गर्दी कुठं आवडायची?

ते आपल्या शाळेत विज्ञान शिकवायचे, मी मराठी. सुट्टीत ते कधी तेरणेकाठी तेरला जात, कधी ताईंकडं परंड्याला, आणि तिथल्या कोळ्यांकडून चिलापी मासे घेत. खायला नव्हे. माळकरी माणूस! ताई, तुम्हीच म्हणायचात ना, "दादा, माळ बाटंल तुझी." आणि ते म्हणायचे, "खातोय कुठं? वंशावळ लिहितोय."

वंशावळच ती. मला म्हणायचे, "गुरुजी, ही चिलापी मूळची आफ्रिकेची. पिल्लं तोंडात धरून वाढवते ही आई. कोकणातल्या खाडीतला काळुंदर हिच्याच कुळातला, पण त्याचं जवळचं गोत समुद्रापार मादागास्करात. शेजारी राहतो म्हणून कुणी सख्खा होत नसतो." मी कवितेतला माणूस. मला त्या माशांची दया यायची. एवढं गोत, आणि मधे एवढं पाणी.

माझं अक्षर बरं. म्हणून बरण्यांवरच्या चिठ्ठ्या मी लिहायचो. कुठलं पाणी, कुठला मासा. मुकुंदराव बजावायचे, "चिठ्ठी चुकली की मासा बेवारशी झाला."

मंडळी, चिठ्ठी चुकली. मी चुकवली.

तेरचे मासे शेपटीवर पट्टे असलेले, परंड्याचे बिनपट्ट्याचे. दिसायला भाऊ, पण जाती दोन. त्या दुपारी बरण्या पुसून टेबलावर मांडल्या आणि सहावीच्या पुस्तकातली एक कविता तोंडात आली. चालीवर म्हणत गेलो, चालीवरच खळ लावली. तेरची चिठ्ठी परंड्याच्या बरणीला, परंड्याची तेरच्या. मोजून सहा बरण्या.

मुकुंदरावांनी त्यावरून निबंध लिहिला. लातूरला विज्ञान शिक्षकांच्या सभेत वाचला. तिथले एक प्राध्यापक उठले आणि म्हणाले, "सर, तुमचं सगळं उलटं आहे. आम्ही दोन्हीकडं जाळं टाकून बघितलंय." लोक हसले. मी मागच्या बाकावर होतो. कविता, खळ, बरण्या, सगळं त्याच क्षणी आठवलं.

परतताना बसमध्ये त्यांनी विचारलं, "गुरुजी, चिठ्ठ्या नीट डकवल्या होत्या ना?"

मी म्हणालो, "व्हय."

एवढंच. एक शब्द.

पुढच्या आठवड्यात त्यांनी चष्मा बदलला. माझ्या अक्षरावर नाही हो, स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला त्यांनी! पुन्हा कधी तेरला गेले नाहीत. संध्याकाळी आम्ही शाळेच्या पायरीवर बसायचो. ते म्हणायचे, "गुरुजी, कविता म्हणा एखादी." मी म्हणायचो. किती वर्षं म्हणत राहिलो! जे म्हणायला हवं होतं ते सोडून.

आता पायरीवर मी एकटा बसतो. कविता सगळ्या पाठ आहेत. ऐकणारा नाही.

ताई, तुमच्या भावाचे डोळे चांगले होते. त्यांनी पट्टे बरोबर मोजले होते. वाईट होता तो माझा धीर. हे त्यांच्यासमोर म्हणायला पाहिजे होतं. तसबिरीसमोर म्हणतोय. आता आपण सगळे उभं राहू. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. मीही नाही.

...

कोण आलंय दारात? सावकाश, तिथं उंबरा आहे. काठी इकडं द्या.

अहो... तुम्ही? लातूरचे प्राध्यापक ना तुम्ही? त्या सभेतले?

ताई, जरा सरका, त्यांना बसू द्या. बसा, सर. मंडळी, तुम्हीही बसा. मला पहिल्यापासून पुन्हा सांगायचंय. आता खरं तर यांनाच सांगायचंय.