एका चुलीवरचे

अन्नपूर्णाबाई : चार म्हटलं ना, माय. मी, माहा शिवम, सून अन् नात. लिही चार.

अर्पिता : पण आजी, घरात तर तुम्ही एकट्याच दिसताय.

अन्नपूर्णाबाई : आता दुपारच्याले कोण दिसन?

अर्पिता : मग संध्याकाळी येतात सगळे?

अन्नपूर्णाबाई : दिवाळीले येतात. पुण्याले राह्यतात ते. आठ वर्सं झाले.

अर्पिता : मग नाही धरता येणार, आजी. आमच्या कॉलेजचं भूगोलाचं सर्वेक्षण आहे, दुसरबीडची दोनशे घरं. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर असलेली व्यक्ती कुटुंबात मोजायची नाही, असा नियम आहे.

अन्नपूर्णाबाई : अन् कुटुंब म्हणजे काय? तुह्या कागदावर असन ना लिह्यलेलं, वाच बरं.

अर्पिता : 'एका चुलीवर जेवणाऱ्या व्यक्ती.'

अन्नपूर्णाबाई : मग चारच. तिकडं जवारी जाते ते माही. तिखट माहं, हळद माही, कुरड्या माह्या. गेल्या आठवड्यातच ट्रॅव्हल्सवाल्याजवळ पिशवी देल्ली. माह्याच चुलीवरचं झालं ना हे?

अर्पिता : तसं नाही हो. रोजचं जेवण एकत्र पाहिजे.

अन्नपूर्णाबाई : ज्यानं हे लिह्यलं त्यानं कधी पिशवी भरली नसन.

अर्पिता : शिवमदादांना मी दुसऱ्या रकान्यात घेते. 'स्थलांतरित'.

अन्नपूर्णाबाई : म्हणजे?

अर्पिता : गाव सोडून गेलेले.

अन्नपूर्णाबाई : सोडून नाही गेला वं तो. नुसता गेला.

अर्पिता : बरं. तुमचं वय?

अन्नपूर्णाबाई : सहासष्ट.

अर्पिता : मग तुम्ही 'अवलंबी लोकसंख्या'. म्हणजे दुसऱ्यांवर विसंबून असलेली. साठीच्या वरचे सगळे त्यातच येतात.

अन्नपूर्णाबाई : मी? अर्ध्या एकरातली मेथी अन् वांगे मी एकली काढते, बाजारात बसून इकते. कोणावर विसंबून हाय मी, सांग बरं!

अर्पिता : पुस्तकात तसं आहे, आजी. रागावू नका. जन्म याच गावी?

अन्नपूर्णाबाई : नाही. माहेर माहं मलकापूरजवळ.

अर्पिता : म्हणजे तुम्हीही स्थलांतरित. कारण, विवाह.

अन्नपूर्णाबाई : पंचेचाळीस वर्सं झाले या गावात. अजून स्थलांतरितच?

अर्पिता : हो.

अन्नपूर्णाबाई : एवढं मात्र खरं लिह्यलं तुह्या पुस्तकानं. मी 'मले-तुले' म्हटलं का इथल्या बाया अजून हासतात. एकटा शिवम माह्यासंग माह्यासारखा बोले, लहानपणापासून. आता फोनवर तोबी 'तुला' म्हणते. इतकं एकलं वाटते तवा. तू कुठची?

अर्पिता : मी मलकापूरचीच.

अन्नपूर्णाबाई : अगं बाई! मग काऊन अशी पुस्तकावानी बोलून राह्यली?

अर्पिता : सरांनी सांगितलंय, प्रमाण भाषेत विचारायचं. शेवटचा प्रश्न. शिवमदादांच्या जाण्याचं कारण. शहरानं ओढून नेलं असेल, तर 'आकर्षण घटक'. गावानं ढकललं असेल, म्हणजे पाणी नाही, काम नाही, तर 'अपकर्षण घटक'. काय लिहू?

अन्नपूर्णाबाई : ढकललं.

अर्पिता : गावानं...

अन्नपूर्णाबाई : गावानं नाही. म्या.

अर्पिता : तुम्ही?

अन्नपूर्णाबाई : त्याले जायचंच नव्हतं. वांग्याच्या वाफ्यात उभा राहून म्हणे, आई, मी इथंच बरा हाय. पण तीन वर्सं पोरी पाह्यल्या. शेतीवाल्याले कोणी पोरगी देईना. जो तो विचारे, पोरगा शहरात हाय का? एक दिवस त्याची बॅग भरली अन् ओट्यावर नेऊन ठेवली. म्हटलं, नोकरी लागल्याबिगर या घरात पाय ठेवू नको.

अर्पिता : मग?

अन्नपूर्णाबाई : ऐकलं ना त्यानं. नोकरी लागली, लग्न झालं, पोरगी झाली. सारं चांगलंच झालं. पण पह्यल्या दिवाळीले आला, तर ओट्यावरच उभा. म्हणे, 'आई, आत येऊ का?' मस्करीत म्हणे. सारे हासले, मीबी हासली. पण जीव तुटला माहा. एकदा म्या भायेर काढला त्याले. आता कागदावरूनबी काढू का? म्हणून म्हणते, चार लिही.

अर्पिता : आजी... मले नाही वं लिहता येत.

अन्नपूर्णाबाई : काय म्हटलं?

अर्पिता : सर प्रत्येक फॉर्म तपासतात. मले खोटं नाही लिहता येत.

अन्नपूर्णाबाई : ते समजलं. 'मले' म्हटलं ना तू?

अर्पिता : हाव. निसटलं तोंडातून.

अन्नपूर्णाबाई : निसटू दे. लिही एक. तुह्या वहीत खोटं नको.

अर्पिता : लिहिलं.

अन्नपूर्णाबाई : आता ठेव तो पेन. जेवली का?

अर्पिता : अजून वीस घरं राह्यली आजी, मैत्रिणी वाट पाहत असतील.

अन्नपूर्णाबाई : घरं काही पळून नाही जात. कळण्याची भाकर हाय, जवारी-उडदाची, आपल्या तिकडची. अन् ठेचा.

अर्पिता : कळण्याची? इथं?

अन्नपूर्णाबाई : इथं कोणी करत नाही. मी माह्या एकलीसाठी थापते. बस.

(अर्पिता फॉर्म बाजूला ठेवून ताट पुढे ओढते.)

अन्नपूर्णाबाई : कशी झाली?

अर्पिता : माह्या आईच्या हातची आठवली.

अन्नपूर्णाबाई : आणखी घे. लाजू नको. कोणाच्या चुलीवरची हाय?

अर्पिता : तुमच्या, आजी.

अन्नपूर्णाबाई : मग आजच्या दिवस तरी दोन लिही.