मोरीपाशी बसलेला बाप

अगं, गिरणीच्या संपात आमच्या ह्यांना एकच काम उरलं होतं, डिलाईल रोडच्या खोलीच्या दारात बसून राहायचं. तान्हा बाळ्या पडल्या पडल्या सारखा त्यांच्याकडेच बघायचा. त्या बाजूनं त्याचं डोकं पाटासारखं चपटं झालं. डॉक्टर म्हणाले, "दुसरीकडे बघायला लावा." मी अंथरूण फिरवायला गेले, तर सासूबाई कडाडल्या, "उत्तरेला डोकं? पोर मेलंय का माझं?"

मग मी ह्यांनाच उठवलं. "चला, पलीकडे मोरीपाशी बसा."

"मी? मोरीपाशी?"

"का, गिरणीतून बोलावणं आलंय?"

हळूहळू डोकं गोल झालं. हे चाळभर सांगत सुटले, "पोराचं डोकं मी नीट केलं!"

म्हटलं, "केलंत हो. बसून बसून अगदी दमलात!"