लोखंडाचे डॉक्टर

चूक माझीच होती, हे आधीच सांगतो. सत्तर-एकाहत्तर साल असेल. पोलादावर पीएचडी करून मी गडमुडशिंगीला, सासुरवाडीला गेलो होतो. सासरे मला घेऊन लोहाराकडे गेले. लोहाराने लालबुंद कोयता पाण्यात बुडवला आणि पुन्हा निखाऱ्यावर धरला. सासरे माझ्याकडेच बघत होते. काहीतरी बोलणं भाग होतं, आणि घाबरलो की मला नेमकं उलटं सुचतं.

"परत तापवू नका. कडकपणा जाईल."

"पावणं, मोडंल की!" लोहार म्हणाला.

"जावई लोखंडाचं डाक्टर हायती," सासरे गरजले. "ठेव तसाच!"

दुसऱ्या दिवशी उसावरच्या पहिल्याच घावाला कोयता मोडला. सासऱ्यांनी दोन्ही तुकडे माझ्यापुढे ठेवले.

"जावईबापू, अभ्यास कशाचा केलासा म्हणं?"

"पोलादाचा," एवढंच म्हणालो. पाण्यात बुडवलेलं पोलाद पुन्हा का तापवावं, हा माझ्या प्रबंधाचा विषय सासरी अजून कुणाला माहीत नाही.