रामाच्या डोक्यावर कुणाचे पाय?

ऐका हो मंडळी, ऐका! आज एकच विचारतो — देवाच्या डोक्यावर कुणी राहायला आलं, तर देव कोपतो का? हं, मागं मान हलली! कितव्या मजल्यावर राहता, आजोबा? तळमजल्यावर? मग असू द्या!

तर आमचे वामनराव खांबेटे. मेट्रो स्टेशनला लागून तीन मजली सोसायटी, तिच्यात सगळ्यात वरचं घर यांचं. आता ठरलं काय — जुनी इमारत पाडायची, बावीस मजले चढवायचे. जुन्यांना घरं मिळतील, वर शंभरेक नवी बिऱ्हाडं येतील. सगळ्यांच्या सह्या झाल्या. एक सोडून!

"माझ्या देवघरात रामराया आहेत!" वामनराव कडाडले. "त्यांच्या डोक्यावर परक्याची न्हाणी? शक्य नाही!"

"मग बाविसावा मजला घ्या की," सेक्रेटरी दातारबाई म्हणाल्या.

"मला चक्कर येते!"

आता काय करता, बोला! देवाला खाली चालत नाही, भक्ताला वर झेपत नाही!

वामनराव हट्टाला पेटले. पार गावाबाहेर, माळावर बंगली घेतली. जाहिरात म्हणत होती — शहरापासून फक्त वीस मिनिटं! कशानं? पुष्पक विमानानं असेल! सही न करताच त्यांनी देव उचलले, बायकोला घेतलं, निघाले.

"बघ कुमुद, वर नुसतं आभाळ!"

कुमुदताईंनी आभाळ पाहिलं. मग आजूबाजूला पाहिलं. तिकडंही आभाळच!

रामनवमी आली. जुन्या घरी या दिवशी उभं राहायला जागा नसायची. कुमुदताईंनी सगळ्यांना आमंत्रणं केली, पाळणा सजवला, सुंठवडा केला — घमेलंभर! बारा वाजत आले, दारात चिटपाखरू नाही. तेवढ्यात दातारबाईंचा फोन.

"कुमुदताई, आम्ही सगळ्याजणी शेवटच्या स्टॉपवर उभ्या आहोत हो. पुढं बस नाही. रिक्षावाला म्हणतो, तिथून रिकामं परतावं लागतं, नको!"

पण रामजन्म थांबतो का? वाजले बारा! कुमुदताईंनी बाळराम घेतला, पाळण्याखालून हात पुढं केले — "कुणी राम घ्या!" घेणार कोण? धावले वामनराव! पलीकडं जाऊन राम घेतला, वरून परत दिला, पुन्हा इकडं येऊन दोरी ओढली, पुन्हा तिकडं पळाले — आणि धोतर अडकलं पाळण्यात!

कुमुदताई खो खो हसल्या. हसता हसता रडायलाच लागल्या.

"अहो, तुमच्या रामाच्या डोक्यावर कुणाचे पाय नाहीत, खरंय. पण उंबऱ्यालाही कुणाचे पाय लागले नाहीत आज!"

वामनरावांनी घमेलं उचललं आणि भर उन्हात चालत सुटले, मागं कुमुदताई. स्टॉपवर बायका परतीच्या बसची वाट बघत होत्या. घामानं निथळत वामनरावांनी प्रत्येकीच्या हातावर सुंठवडा ठेवला.

"दातारबाई, सही करतो. मधला कुठलाही मजला द्या. आणि वरचं बिऱ्हाड जरा पोराबाळांचं बघा!"

हसलात? हसा! पण येताना मी या देवळाबाहेरचा फलक वाचला — "स्टेशनजवळ उंच इमारती नकोत." खाली सह्या, सगळ्या ओळखीच्या! आणि दर वर्षी मलाच विचारता, बुवा, कीर्तनाला तरुण मंडळी का दिसत नाहीत? कशी दिसतील? इथं घर मिळेना म्हणून ती शेवटच्या स्टॉपच्याही पलीकडं राहायला गेली. परकी नव्हेत हो, तुमचीच लेकरं!

आता घ्या रामाचं नाव. घेववत असेल तर.