जोडीचा कोयता

चौसाळ्याच्या स्टँडवर बीडची एसटी काही येईना. कौशल्याबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, अन् पाठीमागच्या बाकावर एका नवरा-बायकोचं चांगलंच जुंपलं होतं.

“सुट्टीला आलाव तर ऱ्हावा की घरीच. कशापायी परत जायचं त्या फिलिपिन्सला?”

“चर्चनं पैसे भरलेत, बायबल कॉलेज अर्धवट सोडू? पन्नाशीत पुन्हा पाटी धरली, रत्नमाला. एकवीस पोरांत मीच म्हातारा. अंकल म्हणतेत मला.”

“मग जावा.”

“तूबी चल. जोडप्याला खोली देतेत. बायकोलाबी वर्गात बसवतेत.”

“मला? सातवी नापास मी. लोक हसतील.”

“ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एकच कोयता मोजतेत. मी एकटा गेलतो का कधी फडात?”

“न्हाई.”

“मग? तिथं चार महिने अर्धा कोयताच होतो मी. उत्तर बरोबर आलं तरी कुनाकडं बघावं कळंना.”

रत्नमालाचा आवाज खाली आला.

“इंग्रजीला दुरेघी वही लागती का चाररेघी?”

“मी तर कोऱ्या कागदावरच लिहितो.”

कौशल्याबाईंना राहवलं नाही. त्या मागं वळल्या.

“चाररेघी घे, बाई. अन् दोन घे. एक लगीच सरती.”