अर्धी टाकी

नाही हो, तिथेच थांबा — आणि ती सिगारेट आधी विझवा. बुटाखाली नको, त्या बादलीत टाका. गाडीखाली वर्तमानपत्र पसरलंय, दिसत नाही का? डिझेलची टाकी काल बसवलीय आणि आज सकाळी काठोकाठ भरलीय. हां, बसा त्या स्टुलावर. मुलानं पाठवलंय ना तुम्हाला? ठाऊक आहे मला. 'आई एकटी आहे, गाडी गंजत पडलीय, घेऊन जा' — असंच म्हणाला असणार. गंजत म्हणे! आत पलंग आहे, शेगडी आहे, बेसिन आहे. त्याच पलंगावर उड्या मारून मोठा झाला हा, आणि आता ह्याला गंज दिसतो. तरी शब्द दिलाय मी त्याला — दुपारपर्यंत त्या कागदावर डिझेलचा एक थेंब जरी पडला तर किल्ली तुमची. ही बघा, कमरेला आहे. आणि कागद कोरडा राहिला तर मी निघाले. कुठे म्हणजे? बहिणीकडे.

धाकटी माझी. डोंगरापलीकडे असते. इतकी वर्षं तीच यायची — पोरं घेऊन, पिशव्या घेऊन, धापा टाकत. मी तिचं स्वयंपाकघरसुद्धा पाहिलेलं नाही. आता तिचे गुडघे गेले. फोनवर म्हणाली, 'ताई, मला जिना उतरवत नाही, आता तूच ये गं.' मी का गेले नाही कधी? अहो, मला गाडी लागते ना! अख्ख्या खानदानाला ठाऊक आहे. कुणी बोलावलं की आमच्या ह्यांचं पहिलं वाक्य तेच — 'हिला गाडी लागते.' गाडी नवी घेतली तेव्हा टाकी फुल करून निघालो होतो तिच्याकडे. मी मागे पलंगावर. डोंगर सुरू व्हायच्या आधीच उलट्यांनी बेजार झाले, मागे फिरलो. त्यानंतर टाकी कायम अर्धी. अर्धी भरायची, तळ्यापर्यंत जायचं, चहा करायचा, परत यायचं. डोंगराच्या पट्ट्यात पंप नाही, अर्ध्या टाकीत पलीकडे पोचता येत नाही. 'भरून काय करायची? तुला झेपत नाही,' म्हणायचे — आणि मीही मान डोलवायची. बसनं जाते म्हटलं तर, 'घरची गाडी असताना बस कशाला?' तळ्यावर जाताना मला कधी म्हणून मळमळलं नाही, पण डोक्यात प्रकाश पडला का? नाही पडला. तुमच्या पडला असता? मग हसू नका.

ते गेले, वर्ष सरलं, आणि मी हट्टानं टाकी फुल केली. अंगणभर डिझेल! मेकॅनिक म्हणाला, 'काकू, भंगारात द्या.' म्हटलं, तूच जा भंगारात. जॅक लावला, शेजारणीनं एक बाजू धरली — ती अजून पाठ शेकत बसलीय बिचारी — आणि टाकी खाली घेतली. तर तळाला भोक नाहीच! फट होती वरच्या जोडाला. टाकी अर्धी असली की थेंब गळणार नाही, भरली की धार. आणि त्या फटीत काय दाबून बसवलेलं होतं, सांगू? साबण. गुलाबी. माझा अंगाचा साबण! गळकी टाकी साबणानं बुजवतात, ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती आहे, भरल्या टाकीला पुरली नाही ती, असू दे — पण तो साबण बाजारातून गायब होऊन जमाना झाला. मी तो वापरायचे गाडी नवी होती तेव्हा. म्हणजे ठाऊक होतं ह्यांना, पहिल्यापासून ठाऊक होतं. मला गाडी लागत नव्हती हो — पलंगाखालून डिझेलचा वास येत होता!

कशापायी लपवलं? नाकापायी. बापाशी भांडून, सगळे नको म्हणत असताना घेतलेली गाडी — ती गळकी निघाली म्हणून कुठल्या तोंडानं सांगणार? मग बायकोचं पोट पुढे केलं. माणूस वाईट नव्हता. तळ्यावर पहिला कप मलाच द्यायचे, वारा लागेल म्हणून शाल घालायचे अंगावर. आठवण येते का? येते, रोज येते. आणि रोज भांडते मी त्यांच्याशी. टाकी घासताना तर इतक्या मोठ्यानं भांडले की शेजारीण पाठ धरून धावत आली. पहिल्यांदा तेलकट पत्र्यावरच फट बुजवायची लांबी लावली, ती पापुद्र्यासारखी सुटून आली. मग सगळं खरवडलं, धुतलं, उन्हात वाळवलं, आणि कणीक मळतात तशी लांबी पुन्हा मळून थापली. चालवणार कोण? मीच. लायसन्स आहे माझं. ह्यांनीच शिकवलं — कोपऱ्यापर्यंत जाण्यापुरतं. कोपऱ्यापुढेही रस्ताच असतो ना?

काय? — कुठे? — हात मागे घ्या, किल्लीला हात लावायचा नाही अजून. बघू दे मला. खरंच की, ओलं झालंय. वाढतंयसुद्धा. थांबा, वाकू दे — ह्या कमरेचं काही खरं नाही — हं. घ्या, वास घ्या ह्या बोटाचा. घ्या हो, लाजताय काय! पाणी आहे ते. बेसिनची टाकी, तीही काठोकाठ भरलीय मी सकाळी. इकडे टाकीखाली बघा — कोरडं ठणठणीत. गळू दे पाणी. पाण्यानं मला मळमळत नाही.

मुलाला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. आणि उठा आता, दुपार झाली — तुमची मोटारसायकल फाटकात आडवी आहे. ती बाजूला घ्या, मला गाडी काढायचीय.